सम चुकण्याची भीती आणि दुसरं ‘तिरकिट’

वाचकाचं पत्र

ताई, मी 20 वर्षांची. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, आठ वर्षं ख्याल शिकते आहे. घरी आणि गुरुजींसमोर बरं गाते असं सगळे म्हणतात. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात यमन गायला बसले आणि सगळं हातातून गेलं. तोंड कोरडं, बोटं गार, आवाज कापरा. विलंबित एकतालात मी समेवर आले असं मला वाटलं, तर तबलजी अर्ध्या आवर्तनात होते. तिथून पुढे ताल सापडलाच नाही, ताना एकमेकींवर आदळल्या. जानेवारीत स्पर्धा आहे, 15 मिनिटं गायचं आहे. आई म्हणते, ‘मन शांत ठेव.’ आजी म्हणते, ‘ग्वाल्हेरची पोरगी तालाला चुकते म्हणजे काय!’ मन शांत ठेवायचं कसं, ते मात्र कुणी सांगत नाही.

उत्तर

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ओघात लिहून गेलीस: ‘तबलजी अर्ध्या आवर्तनात होते.’ एकतालाचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, बारा मात्रांचं; सम ही त्याची पहिली मात्रा. अर्धं म्हणजे सहा मात्रा. आपण तिथूनच सुरुवात करू, कारण तुझं नेमकं काय बिघडलं ते त्या एका वाक्यात आहे, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

एकतालाचा ठेका मनात म्हणून बघ. धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धिं ना. ‘धागे तिरकिट’ त्यात दोनदा येतं: एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रेला. तुझ्या बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेवर नेणारा सुरुवातीचा तुकडा, बहुधा दुसऱ्या तिरकिटानंतर, अकराव्या मात्रेला उठतो. घाबरलेल्या कानाला पहिलं तिरकिट दुसऱ्यासारखंच ऐकू येतं. तू चौथ्या मात्रेनंतर मुखडा उचललास, दोन मात्रांचा मुखडा म्हटलास आणि थेट सातव्या मात्रेवर, ‘कत्’वर, येऊन बसलीस. तबलजींची सम अजून सहा मात्रा लांब होती. ताल कच्चा असलेला गायक कुठेही आपटतो. बरोबर अर्ध्यावर येणारा गायक तालात असतो, त्याने फक्त खूण चुकीची धरलेली असते. हे आजींनाही वाचून दाखव.

मग घरी हे का होत नाही? घरी तुझं लक्ष ठेक्यावर असतं, आणि त्या दिवशी ते घशावर होतं. शरीर घाबरलं की ॲड्रेनलिन सुटतं, काळीज जोरात धडधडतं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून बोटं गार पडतात, पचनाचं काम मागे पडतं म्हणून लाळ सुकते. हे सगळं एकदम जाणवलं की माणूस आत बघायला लागतो: आवाज कापतोय का, गंधार लागला का, समोरच्यांना कळलं का. जी गोष्ट आठ वर्षांच्या रियाजाने आपोआप होत होती, तिच्यावर पहारा बसतो आणि ती अडखळते. त्यामुळे स्पर्धेत तुला लक्ष ठेवायला एक जागा हवी, आणि ती बाहेर हवी. तुझ्यासाठी ती जागा ‘कत्’ आहे. एकतालात कत् एकदाच येतो, त्याची गल्लत होत नाही. कत् ऐकू आला की पुढचं तिरकिट दुसरंच असणार, आणि त्याच्या पाठोपाठ मुखडा.

यासाठी वेगळा रियाज कर. तबल्याच्या ॲपवर एकताल लाव, तोंडाने काहीही न गाता फक्त कत्‌वर मांडीवर हात टेकव. दहा मिनिटं. दोन-तीन दिवसांनी तोंडाने आलाप घे आणि हात तसाच कत्‌वर पडू दे. मग घरातल्या कुणाला तरी ॲपचा आवाज मध्येच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करायला सांग. तू षड्जावर किंवा निषादावर थांबायचं, कत् शोधायचा आणि मुखडा घ्यायचा. या कसरतीत ताल हरवणं ही रोजची गोष्ट होते, आणि रोज हरवलेलं रोज सापडतं हे शरीराला कळतं. भीतीवर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही.

आता लयीचं. घाबरल्यावर माणसाला सगळी लय संथ वाटते, म्हणून तो नकळत पुढे पळतो किंवा तबलजींना लय वाढवून मागतो. तुझी घरची विलंबित, म्हणजे संथ, लय ॲपवर मोजून ठेव. समजा ती मिनिटाला 40 मात्रा आहे. म्हणजे एक मात्रा दीड सेकंदाची आणि आवर्तन 18 सेकंदांचं. मंचावर तीच लय 48 झाली तर आवर्तन 15 सेकंदांत फिरतं. ऐकणाऱ्याला फरक कळतही नाही, पण तुझ्या प्रत्येक आलापाची सवयीची जागा तीन सेकंदांनी कमी झालेली असते. श्वास पुरत नाही, आलाप आखडतो, मुखडा घाईत येतो, आणि आपण म्हणतो ‘दडपणाने घोळ झाला’. घोळ आठ मात्रांनी केलेला असतो. म्हणून तबलजींशी स्पर्धेच्या आधी एकदा तरी बसून लय ठरव. मंचावर तोंडी ‘जरा विलंबित’ म्हणू नकोस. मुखडा घरच्या लयीत मनात दोनदा म्हण आणि हाताने मात्रा देऊन दाखव. हात थरथरत असेल तर मांडीवर दे. द्रुताचंही, म्हणजे जलद लयीचंही, तसंच. घरी तुझी तान तीनतालात 240 पर्यंत स्वच्छ निघत असेल तर मंचावर 200 माग. सभेत लय आपोआप थोडी चढतेच. तिला चढायला जागा ठेवली नाही की ताना आदळतात.

आईंचं ‘मन शांत ठेव’ प्रेमाचं आहे, पण त्या क्षणी ते जमत नाही. धडधडणारं काळीज आज्ञा ऐकून थांबत नाही, आणि ते थांबत नाही हे पाहून आणखी धडधडतं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक गाण्याचाच होता: लोकांना अनोळखी माणसासमोर गायला लावलं आणि सूर-लयीची अचूकता यंत्राने मोजली. ज्यांनी आधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हटलं, त्यांचं गाणं ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस निघालं. भाषण आणि गणितातही ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा उत्साहाचं नाव घेणारे पुढे राहिले. भीती आणि उत्साह यांत शरीराची अवस्था जवळजवळ सारखीच असते. काळीज पळतं ते पळू दे. त्याला काय नाव द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं. आईंना सांग की निघताना ‘घाबरू नकोस’ऐवजी ‘मजा येणार आहे आज’ म्हण. आणि तूही ते मोठ्याने म्हण, मनात नको.

श्वास मात्र खरोखर हातात असतो. मंचामागे बहुतेक मुली भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि वाटतं की आता चक्करच येणार. करायचं ते उलट: श्वास सोडण्यावर भर द्यायचा, कारण उच्छ्वासात काळजाची गती थोडी उतरते. नाकाने एक पुरा श्वास, लगेच त्यावर नाकानेच आणखी एक छोटा घोट, आणि मग तोंडाने सावकाश, शेवटपर्यंत सोडायचा. हा प्रकार रोज पाच मिनिटं, महिनाभर करणाऱ्यांवर स्टॅनफर्डमध्ये अभ्यास झाला, तो 2023 मध्ये छापून आला. त्यात या श्वसनाने मनःस्थिती सुधारली आणि एरवीच्या श्वासाची गतीही उतरली. आजपासून रोज रियाजाआधी कर. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघण्याची ही गोष्ट नव्हे.

गायला सुरुवात करतानाही हेच. भीतीत आपण श्वास ठासून भरतो, खांदे वर जातात, आणि अडवून धरलेल्या श्वासावर लावलेला षड्ज कापतो. पहिल्या षड्जाआधी आतला श्वास पूर्ण सोड, पोट आपोआप जेवढी हवा ओढून घेईल तेवढ्यावर आवाज लाव. मांडी घालून बसताना कणा खाली गेला की पोट दबतं, म्हणून मागून तीन-चार बोटं उंची मिळेल अशी कापडाची घडी किंवा छोटी उशी घे. रियाजातही तीच घे.

आता एका गोष्टीत तुझं गाव तुझ्या मदतीला येतं. ग्वाल्हेर घराण्याची रीत अशी की आधी स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, पुरा, रेखीव मांडायचा आणि मग बढतीला, म्हणजे रागाच्या विस्ताराला, लागायचं. दडपणाखाली ही रीत म्हणजे वरदान आहे. चाळीसच्या लयीत स्थायी-अंतऱ्याची पाच-सहा आवर्तनं म्हणजे दीड ते पावणेदोन मिनिटं. दडपणाचा जोर याच सुरुवातीच्या मिनिटांत सर्वांत जास्त असतो, आणि त्या वेळात तुला काहीच सुचावं लागत नाही. शब्द ठरलेले, जागा ठरलेल्या, सम ठरलेली. तेवढा भाग इतका पक्का कर की झोपेतून उठवलं तरी म्हणता यावा. बाकीच्या तेरा मिनिटांपेक्षा या दोन मिनिटांवर जास्त मेहनत घेतलीस तरी चालेल. रागही यमनच ठेव. परीक्षकांवर छाप पडावी म्हणून तीन महिन्यांपूर्वी शिकलेला अनवट राग काढायचा मोह होतो, आणि दडपणात सगळ्यात आधी ढासळतं ते नवं शिकलेलं.

पंधरा मिनिटांचा हिशोब साधारण असा: स्वर लावून रागाचं थोडं सूचन एक मिनिट, विलंबित नऊ मिनिटं, द्रुत पाच. नऊ मिनिटं म्हणजे चाळीसच्या लयीत 30 आवर्तनं, ही बरीच झाली. पाच-सहा बंदिशीत जातील, दहा-बारा मंद्र-मध्य सप्तकात, मग तार षड्ज, मग अंतरा आणि बोल-ताना. तार षड्जावर पोचायची घाई करू नकोस. घाबरलेला घसा आवळलेला असतो, तो आवाज वर खेचतो आणि तार सप्तक चढं लागतं. सहा-सात मिनिटांनी तोच घसा मोकळा होतो. पट्टीही घरची कमाल धरू नकोस. काळी पाचमध्ये ओढाताण होत असेल तर तिच्या लगेच खालची पांढरी सहा घे, पण आजच ठरव म्हणजे दहा आठवडे त्याच पट्टीत रियाज होईल.

या दहा आठवड्यांत सर्वांत मोठी सवय एक मोडायची आहे. चूक झाली की थांबायचं, ‘अं, पुन्हा’ म्हणायचं आणि पहिल्यापासून घ्यायचं, ही सवय क्लासमध्ये सगळ्यांना लागते. ती शिकण्यासाठी ठीक आहे. पण मंचावर ‘पुन्हा’ नसतं, आणि तुझ्या शरीराने आजवर चुकीनंतर थांबायचाच रियाज केलेला आहे. म्हणून आठवड्यातले दोन दिवस राखून ठेव. त्या दिवशी पंधरा मिनिटं सलग, काहीही झालं तरी थांबायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही, तबलजींकडे दचकून बघायचं नाही. शब्द विसरला तर ‘आ’कार घे. सम गेली तर कत् शोध. तान मोडली तर जवळच्या गंधारावर थांब. चूक सावरणं हीसुद्धा रियाजाचीच गोष्ट आहे, आणि ती फारसं कुणी करत नाही.

पहिले दोन आठवडे हे फोनचा कॅमेरा सुरू ठेवून कर. कुणीतरी बघतंय या जाणिवेची सवय आधी लावली तर पुढे दडपणाखाली हात बिघडत नाही, असं गोल्फ खेळणाऱ्यांवरच्या 2001 मध्ये छापलेल्या प्रयोगात दिसलं होतं. त्यांचा सराव व्हिडिओ कॅमेऱ्यासमोरच करून घेतला होता. मग घरच्या दोघांसमोर, मग शेजारच्या काकूंना बोलावून पाच-सहा जणांसमोर, मग गुरुजींना विचारून क्लासमधल्या मोठ्या विद्यार्थ्यांसमोर. शेवटच्या तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट घाल: गायला बसण्याआधी गच्चीचा जिना दोनदा भराभर चढ-उतर कर आणि दम पुरता खाली बसायच्या आत तानपुरा लाव. धडधडत्या छातीने षड्ज लावायची सवय अशीच होते. कधी धाकट्या भावाला मध्येच दार आपटायला किंवा स्वयंपाकघरात ताटली पाडायला सांग. लहान मुलं हे काम मन लावून करतात.

डिसेंबरात तानसेन समारोहाला जाशीलच. या वेळी प्रत्येक कलाकाराची गाण्याआधीची तीन-चार मिनिटंच नीट बघ. तानपुऱ्याला किती वेळ देतात, साउंडवाल्याकडे काय मागतात, तबल्याशी काय बोलतात. तो वेळ वाया गेलेला नसतो. ते तेवढ्यात स्वतःला बसवून घेत असतात. तुझाही असा क्रम ठरव आणि रोजच्या रियाजात तोच ठेव: बसणं, घडी सारखी करणं, तानपुरा ऐकत तीन लांब उच्छ्वास, मुखडा मनात दोनदा, हाताने लय. दीड-दोन मिनिटांत होतं.

स्पर्धेच्या दिवशी निदान पाऊण तास आधी पोच. जानेवारीत बाहेरच्या थंडीतून दिव्यांच्या उष्णतेत आणलेला तानपुरा उतरतो किंवा चढतो. त्याला हॉलच्या हवेत अर्धा तास तरी राहू दे, मगच जुळव. माइक वीतभर अंतरावर ठेव आणि चाचणीत ‘हॅलो, हॅलो’ न म्हणता मंद्र पंचम आणि तार षड्ज लावून बघ. साउंडवाल्या दादांना सांग की मॉनिटरमध्ये तानपुरा वाढवा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गाणारा ओरडतो, आणि ओरडताना आधी सूर जातो, मग श्वास. आवाज घरूनच तापवून निघ, वीस मिनिटं: आधी तोंड मिटून गुणगुण, मग खर्ज, मग सावकाश मध्य सप्तक. ताना घरी उडवून येऊ नकोस.

पाण्याबद्दल एक गैरसमज. प्यायलेलं पाणी स्वरयंत्रावरून जात नाही. ते शरीरात मुरून तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवसापासून पीत राहा. मंचावरचा कोमट घोट फक्त कोरड्या तोंडासाठी. गाण्याआधी दोन तासांत पोटभर जेवण नको, बेढई-कचोरी तर नकोच, आणि चहा रोजचा एक असेल तर एकच. घरात गजक आलेली असेल, तिचा चुरा घशात अडकला की खोकला थांबत नाही. ती गाणं झाल्यावर. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरून जाऊ नकोस, एका रात्रीने गाणं बिघडत नाही. त्याआधीच्या दोन-तीन रात्री मात्र पुऱ्या झोप.

कुणीतरी ‘काळजाचे ठोके कमी करणारी गोळी घे’ असं सुचवेल. डॉक्टरांनी तुला तपासून दिल्याशिवाय ती घ्यायची नाही. दमा असलेल्यांना अशा काही गोळ्या धोक्याच्या ठरतात. आणि भीती फक्त मंचापुरती न राहता आठवडेच्या आठवडे झोप उडवत असेल, उलट्या होत असतील, क्लासला जाणंही नको वाटत असेल, तर ते लपवू नकोस. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे बोल आणि डॉक्टरांना भेट.

गाणं झाल्यावर रेकॉर्डिंग त्या रात्री ऐकू नकोस. दोन दिवसांनी वही घेऊन ऐक आणि तीनच गोष्टी लिही: आवर्तन किती सेकंदांत फिरलं, किती समा बरोबर आल्या, आणि एखादी गेली असेल तर ती किती आवर्तनांत परत धरलीस. ते तीन आकडे गुरुजींना दाखव आणि जमलं तर मलाही कळव.